साखर संपली की

डोंबिवली पूर्व
११ जानेवारी २०२५

प्रिय निशिगंधा,

पत्र बघून दचकू नकोस. घरी सगळं ठीक आहे, आईचं बीपीसुद्धा. फोनच करणार होते, पण आपण दोघी फोनवर बोलायला लागलो की काय होतं ते प्रीतमला विचार. गणपतीत शेवटी त्यानं तुझ्या हातातून फोन काढून घेतला. बिचाऱ्याला बायकोचीही बाजू घ्यावी लागते आणि बहिणीलाही सांभाळावं लागतं. म्हणून लिहिते. लिहिताना माणूस निदान आपलं वाक्य पुरं करतो.

अभिनंदन. रविवारच्या पेपरात तुझा फोटो बघितला. मागे ती स्टीलची उंच टाकी, अंगात पांढरा कोट, केस मोकळे. लॅबमध्ये केस मोकळे सोडायचे नाहीत हे मी तुला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, पण फोटोपुरतं चालत असेल. मजकूरही छान आहे. 'इतर जंतू मरतील अशा गरम पाण्यात वाढणारा, पोटात प्लास्टिक साठवणारा आणि मातीत विरघळणाऱ्या पिशव्या देणारा जीवाणू ठाण्याच्या निशिगंधा तोरसकर यांनी शोधला.' अगदी सोपं करून लिहिलं आहे. शाळेतल्या पोरालाही कळेल.

'शोधला' हा शब्द मात्र मी पुन्हा वाचला. मग वाटलं, जाऊ दे. पेपरवाल्यांना काय कळतं.

आईनं कात्रण कापून अख्ख्या मजल्यावर फिरवलं. शेजारच्या गोदूबाई म्हणाल्या, "सून शास्त्रज्ञ निघाली हो तुमची! आणि संचिताही तसलंच काहीतरी करते ना?" आई म्हणाली, "ती पाणी तपासते." खरंच आहे ते. एमआयडीसीतल्या आमच्या लॅबमध्ये मी दिवसभर सोसायट्यांच्या टाक्यांचं पाणी तपासते. त्यातले जंतू साधे असतात. कोणी त्यांचा फोटो काढायला येत नाही.

तुझं यश बघून फार बरं वाटलं. तब्येतीला जप. फार धावपळ करू नकोस.

तुझी,
संचिता


ठाणे
२० जानेवारी २०२५

प्रिय संचिताताई,

तुमचं पत्र आलं तेव्हा प्रीतमला वाटलं बँकेचं काहीतरी आलंय. मग अक्षर ओळखलंन आणि पाकीट गुपचूप माझ्यासमोर ठेवून चहा करायला गेला. तुमचा भाऊ शहाणा आहे.

ताई, रिपोर्टरला मी तुमचं नाव सांगितलेलं. दोनदा. आपण दोघी एमएस्सीनंतर कॉलेजच्या लॅबमध्ये एकत्र काम करत होतो, तुम्ही मला सीनियर होता, तो जीवाणू पहिल्यांदा तुमच्याच प्लेटवर आला, सगळं सांगितलेलं. त्याने "जागा नव्हती मॅडम" म्हणून हात वर केले. मी काय करणार?

आता इथलं सांगते. वागळे इस्टेटमधल्या या कंपनीत श्रीपाद सर आमचे डायरेक्टर आहेत. त्यांच्या डोक्यात नर्सरीच्या पिशव्या आहेत. रोपं ज्या काळ्या प्लास्टिकमध्ये मिळतात ना, त्याच. लोक झाड लावतात आणि पिशवी तिथेच फेकतात. आमची पिशवी रोपासकट खड्ड्यात पुरायची, बस. आपला जीवाणू उकाड्यातच वाढतो, त्यामुळे त्या गरम टाकीत बाहेरचे जंतू घुसत नाहीत, आणि टाकी थंड ठेवायला सारखं पाणी खेळवावं लागत नाही. म्हणून पिशवी स्वस्त पडेल असं सरांना वाटतं. नर्सरीवाल्यांची एक मोठी कंपनी बघायला येणार आहे १३ मार्चला. त्यांनी हो म्हटलं तर प्रोजेक्ट पुढे चालेल. तुम्ही आणि आई नक्की या.

सोबत आपल्या प्लास्टिकची एक पट्टी पाठवतेय. 'आपल्या' असं मुद्दाम लिहिलंय.

एक लिहू? राग येईल, पण लिहिते. बाबा गेले तेव्हा घर चालवायला तुम्ही पीएचडी अर्धी टाकून नोकरी धरलीत. तेव्हा कोणाचाच इलाज नव्हता. पण तुम्ही गेल्यावर त्या जीवाणूच्या नळ्या लॅबवाले फेकून द्यायला निघालेले. मी त्या घरी आणल्या. वर्षानुवर्षं जुन्या नळीतून नव्या नळीत घालत त्याला जिवंत ठेवला. शोधला तुम्ही असाल, पण टिकवला मी.

आईंना नमस्कार.

तुमची,
निशिगंधा


डोंबिवली पूर्व
२ फेब्रुवारी २०२५

प्रिय निशिगंधा,

पट्टी मिळाली. गुळगुळीत आहे. वाकवली तर तडकली. पुढच्या वेळी एवढी ठिसूळ होऊ देऊ नका, नर्सरीतली माणसं पिशव्या कशाही आपटतात.

राग आला नाही. टिकवलास हे मान्य. पण टिकवण्याआधी काहीतरी असावं लागतं. आठवतं का ते? शहाडला तुझ्या माहेरी मी जेवायला आले होते. मागच्या उकिरड्यातून थंडीच्या सकाळी वाफ येताना दिसली. तू म्हणालीस, "शेणाचा ढीग आतून तापतोच." मला मात्र तिथून हलवेना. हात घातला तर भाजला. आत एवढा उकाडा, म्हणजे आत जगणारेही कोणीतरी असणार! मी डबा मागितला तेव्हा तुझे वडील खो खो हसले. "सोना शोधतास का गो बाय शेनान?" असं म्हणाले, आणि तरी फावडं घेऊन स्वतः खणून दिलं. फार भला माणूस.

पुढे ज्या सकाळी जांभळ्या दिव्याखाली प्लेट धरली, त्या सकाळी तू लॅबमध्ये नव्हतीस. प्रीतमबरोबर तलावपाळीवर होतीस. मला तेव्हा माहीत नव्हतं, नंतर कळलं. सगळ्या फिकट ठिपक्यांमध्ये एकच ठिपका नारिंगी पेटला होता. पोटात प्लास्टिक असलं की प्लेटमध्ये मिसळलेल्या रंगामुळे तसा उजळतो. मी एकटीच ओरडले. बाहेरच्या शिपायाला वाटलं, काही सांडलं.

एकाच सकाळी मला जीवाणू मिळाला आणि तुला माझा भाऊ. पुढे दोन्ही तुझ्याकडेच गेले. असो. हे गमतीनं लिहिते आहे.

मार्चमध्ये माझं जमेलसं वाटत नाही. आईला प्रीतम घेऊन जाईल. तिनं साडी काढूनसुद्धा ठेवली आहे. माझ्या कुठल्या कार्यक्रमाला तिनं अशी आधी साडी काढलेली आठवत नाही, पण माझे कार्यक्रम तरी कुठे होते म्हणा.

श्रीपाद सरांना माझा नमस्कार सांग. सांगायची गरज पडणार नाही कदाचित.

संचिता


ठाणे
५ मार्च २०२५

संचिताताई,

गरज पडली नाही. तुमचा नमस्कार सरांना थेट पोचला.

काल त्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं. समोर तुमच्या ई-मेलची प्रिंट. 'हा जीवाणू मूळ माझ्या संशोधनातला असून तो माझ्या संमतीशिवाय वापरला जात आहे. कंपनीने खातरजमा करावी.' बाहेर दोन इंजिनिअर बसलेले, काचेतून सगळं ऐकत होते. सर म्हणाले, "निशिगंधा, चोरीचा माल आहे का हा?"

ताई, मला तो शब्द ऐकावा लागला.

मी म्हटलं, "त्या माझ्या नणंद आहेत सर." तर एकदम सैल झाले, खुर्चीत मागे टेकले, हसले. "अच्छा, घरगुती मॅटर आहे! मग ठीक आहे." आणि प्रिंट ड्रॉवरमध्ये टाकली. तुमचं म्हणणं खरं की खोटं हे त्यांनी विचारलंसुद्धा नाही. मला वाचवणारी गोष्ट कुठली, तर नणंद-भावजयीचं पटत नाही ही. मला ते जास्त लागलं. तुमच्या वतीनेही लागलं, विश्वास ठेवा नाहीतर नका ठेवू.

तुम्ही मला आधी विचारलं असतंत तर मी स्वतः तुम्हाला सरांसमोर नेलं असतं. खरंच नेलं असतं का? माहीत नाही. पण तुम्ही विचारलंच नाहीत.

आईंना सांगा, कार्यक्रम पुढे गेलाय. पाहुण्यांना होळीच्या दिवशी जमत नाही, ते सोमवारी १७ तारखेला येतील. बॅच गुरुवारीच तयार होईल. पण सरांना ती पाहुण्यांच्या डोळ्यांदेखत टाकीतून काढून दाखवायचीय. म्हणून सोमवारपर्यंत तशीच गरम, हवा चालू ठेवून राहील. साखर शिल्लक आहे, काळजी नाही.

आई आल्या तर आनंदच आहे. तुम्ही येऊ नका.

निशिगंधा


डोंबिवली पूर्व
१३ मार्च २०२५, होळी

निशिगंधा,

हे पत्र प्रीतमच्या हाती पुरणपोळ्यांच्या डब्याबरोबर देते आहे. पोस्टाला वेळ नाही. फोन तू उचलत नाहीस, आज तीनदा केला. आधी हे वाच, मग डबा उघड.

बॅच सोमवारपर्यंत ठेवू नका. आजच काढा.

तुझं पत्र आलं तेव्हा मी ते रागानं वाचलं आणि रागानंच बाजूला टाकलं. 'हवा चालू ठेवून' हे तीन शब्द आज दुपारी पुरण वाटताना डोक्यात आले. तो प्लास्टिक आपल्यासाठी साठवत नाही, आपण अंगावर चरबी साठवतो तसा तो उपासाच्या दिवसासाठी साठवतो. साखर संपली की तो तेच खायला लागतो. हे तुलाही माहीत आहे. तुझ्या लहान फ्लास्कमध्ये तो दोन-दोन दिवस निवांत पडून राहत असेल, कारण तिथे हवा कमी. मोठ्या टाकीत तुम्ही खालून हवा सोडता. भरपूर हवा मिळाली की हा प्राणी रातोरात सगळं फस्त करतो. मी एका दिवाळीच्या सुट्टीत पंप चालू ठेवून गेले होते. परत येऊन बघते तर प्लेटवर एक ठिपका उजळला नाही. तुला हे कसं माहीत असणार, तुझी तेव्हा लग्नाची खरेदी चालली होती.

आणि शिल्लक साखर मोजणार कोण? उद्या धुळवड, मग शनिवार-रविवार. लॅबला कुलूप असेल ना?

तू मला येऊ नको म्हणालीस, येत नाही. माझ्यावर विश्वास नसला तर नसू दे. पण बॅच काढा.

संचिता


ठाणे
२२ मार्च २०२५

संचिताताई,

तुम्हाला आईंकडून कळलंच असेल. तरी माझ्याकडूनही कळू दे.

मी आधी पत्र वाचलं, मग डबा उघडला. तुम्ही सांगितलेलं तसंच. धुळवडीच्या सकाळी पत्र घेऊन सरांच्या घरी गेले. ते सोसायटीच्या आवारात, गुलालाने माखलेले. हात पुसून त्यांनी पत्र घेतलं, खालची सही आधी बघितली. म्हणाले, "हीच ना ती? ई-मेलवाली?" मी हो म्हटलं. "मग सरळ आहे. सोमवारी दाखवायला आपल्याकडे काही उरू नये, म्हणून आजच काढा म्हणतेय. बघ, लिहिलंय पण कसं. लग्नाची खरेदी काय, येऊ नको म्हणालीस काय. हे सायंटिफिक लेटर आहे का?"

मी अडून बसू शकले असते. किल्ली माझ्याकडेही होती. सरांना न विचारता जाऊन बॅच काढली असती तर फार तर ओरडले असते. पण ताई, परतताना रिक्षात मी तुमचं पत्र मनातल्या मनात पुन्हा वाचलं आणि मला सरांचं पटलं. तुम्ही जळता हे मला माहीत होतं, आणि जळणारं माणूस खरंही बोलू शकतं हे त्या रिक्षात मला सुचलंच नाही.

सोमवारी आई सगळ्यांच्या आधी आल्या. मोरपंखी साडी. पाहुण्यांना स्वतःची ओळख करून देत होत्या, "मी निशिगंधाची सासू." सरांनी भाषण केलं. मग खालचा व्हॉल्व उघडला, टाकीतलं पाणी सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून गाळ वेगळा केला. गाळ साय धरल्यासारखा जाड आणि पांढुरका यायला पाहिजे होता. आला तो पातळ, शेवाळी, भांड्याच्या तळाला चिकटलेला. मी लगेच ओळखलं. सरांना कळायला वेळ लागला. पाहुणे एकमेकांकडे बघायला लागले आणि त्या शांततेत आई एकदम मोठ्याने म्हणाल्या, "एवढंच?"

त्यांच्या मनात काही नव्हतं, त्यांना खरंच वाटलं की अजून यायचंय. पण एक पाहुणा हसला आणि मग सगळेच हसले.

पाहुणे चहा घेऊन गेले. मंगळवारपासून मला टाकीजवळ काम नाही. ऑफिसमध्ये बसून जुने रिपोर्ट लावून ठेवायचे.

मला एकच विचारायचंय. तुम्हाला बरं वाटलं का? खरं सांगा. गोड लिहू नका.

निशिगंधा


डोंबिवली पूर्व
१२ एप्रिल २०२५

निशिगंधा,

खरं सांगते.

आई त्या दिवशी संध्याकाळी आली, साडीही न बदलता खाटेवर बसली आणि रडली. मी तिला पाणी दिलं, पाठीवरून हात फिरवला, सगळं विचारून घेतलं. मग जेवायला वाढलं. तिनं घास घेतला नाही. मी भात दोनदा घेतला. मला कित्येक दिवसांत अशी भूक लागली नव्हती. आई माझ्याकडे बघत होती. त्या दिवसापासून ती मला ताट वाढत नाही. मी माझं वाढून घेते.

माझं म्हणणं खरं ठरलं याचा आनंद होता, असं मी आठवडाभर स्वतःला सांगितलं. तसं नव्हतं. तुझी फजिती झाली याचा आनंद होता. दहा-बारा दिवसांनी तो उतरला आणि मग काहीच उरलं नाही. तू विचारलंस, म्हणून लिहिलं.

आता दुसरं. हे तुला आणखी कोणाकडून कळू नये म्हणून आज लिहिते आहे. परवा श्रीपाद सरांचा फोन आला. तू नेलेलं माझं पत्र त्यांच्याकडेच राहिलं होतं. बॅच बुडाल्यावर त्यांनी ते पुरतं वाचलं. तुझी जागा ते मला द्यायला तयार आहेत. टाकी, लॅब, दोन माणसं. नर्सरीवाल्यांनी जुलैत आणखी एक संधी कबूल केली आहे म्हणे. मी त्यांना विचारलं, "निशिगंधाचं काय?" ते म्हणाले, "त्यांना दुसरं काम आहे."

सोमवारपर्यंत कळवायचं आहे. तुझी परवानगी मागत नाही. तुझ्यासाठी नाही म्हणावं असं मनात आणायचा प्रयत्न केला, आलं नाही. पस्तिशीनंतर अशी दारं पुन्हा उघडत नाहीत गं. मी हो म्हणणार आहे.

संचिता


ठाणे
१६ एप्रिल २०२५

ताई,

घ्या. मी कालच राजीनामा दिला, त्यामुळे कोणाची जागा घेतली असं वाटायला नको. कल्याणला एका कॉलेजात शिकवायला मिळतंय.

प्रीतम म्हणतो, ताईच्या हाताला यश आहे. आमच्या लग्नाआधीपासून म्हणतो. आमटी बिघडली तरी म्हणतो. तुम्हाला वाटत असेल तो माझ्या बाजूचा आहे.

आता मला काही दिवस लिहू नका.

निशिगंधा


डोंबिवली पूर्व
८ जून २०२५

प्रिय निशिगंधा,

काही दिवस झाले, म्हणून लिहिते. उत्तर दिलं नाहीस तरी चालेल.

पहिल्या दिवशी टाकीला हात लावला तेव्हा मला रडू आलं. गरम होती, आत तो होता. एका डब्यातून मी आणला होता, आणि आता माणसाच्या दुप्पट उंचीच्या टाकीत फिरतो आहे. त्या दिवसाचा आनंद मी कोणालाच सांगितला नाही. सांगावंसं वाटलं ते तुला, आणि तुला सांगण्यासारखं तोंड नव्हतं.

त्यानंतर मात्र रोज काहीतरी टोचतं. इंजिनिअर म्हणतात, "निशिगंधा मॅडम असं करायच्या." चहावाला विश्राम विचारतो, "त्या मॅडम परत कधी येणार?" त्याला तू मुलीच्या दहावीची पुस्तकं आणून दिली होतीस म्हणे. तुझ्या खुर्चीवर बसूनही मी तुझ्यावर जळते. मला वाटलं होतं, जागा मिळाली की हे थांबेल.

बॅच मात्र नीट जमत नाही. तो वाढतो, पण मरगळल्यासारखा. साखर बदलून पाहिली, हवा कमी-जास्त करून पाहिली. पाहुणे १० जुलैला येणार आहेत. तुझे सगळे रिपोर्ट वाचले, त्यात काही सापडत नाही. मदत माग असं मन म्हणतं आणि हात लिहीत नाही. त्यामुळे हे पत्र मदतीसाठी नाही असं समज.

संचिता


ठाणे
२७ जून २०२५

संचिताताई,

तुमचं पत्र कपाटात ठेवलेलं. उत्तर द्यायचं नाही असं ठरवलेलं. परवा कॉलेजात मुलांना आंबवण्याचा धडा शिकवत होते. फळ्यावर टाकीचं चित्र काढलं आणि मध्येच थांबले. माझी टाकी दुसऱ्या कोणाच्या हातात आहे आणि मी खडूने तिचं चित्र काढतेय. मुलं बघत राहिली.

तुम्ही नापास व्हावं असं मला वाटतं. रोज सकाळी वाटतं. १० तारखेला पाहुण्यांनी पुन्हा हसावं आणि आईंनी तुमच्याबद्दलही 'एवढंच?' म्हणावं. आई परवा फोनवर मला म्हणाल्या, "संचिता हल्ली फार दमते गं." त्या माझ्याजवळ तुमचीच काळजी करतात. तुम्हाला हे माहीत नसेल. तुमच्याकडे माझं कौतुक करतात आणि माझ्याकडे तुमची काळजी. कौतुक घेऊन मी काय करू? मला ती काळजी पाहिजे होती.

आता टाकीचं. वरच्या थर्मामीटरवर विश्वास ठेवू नका. बॅच फेसाळली की त्याच्या दांड्यावर गाळाचा थर बसतो आणि आकडा कमी दाखवतो. तो पंचावन्न दाखवतो तेव्हा आत साठच्या वर असतं. हीटर बिचारा आणखी तापवत राहतो. आपल्या जीवाणूला उकाडा आवडतो, पण त्यालाही हद्द आहे, त्यापुढे तो जगतो फक्त, साठवत नाही. मी दर वेळी खालच्या नळातून थोडं काढून हातातल्या थर्मामीटरने बघायचे. रिपोर्टमध्ये लिहिलं नाही, कारण सवयच होती, लिहायचं सुचलं नाही. मुद्दाम लपवलं असं वाटलं तर वाटू दे.

हे खोटं असेल असं तुम्हाला वाटणं शक्य आहे. मी असते तर मला वाटलं असतं. वाटलंच होतं.

निशिगंधा


डोंबिवली पूर्व
१२ जुलै २०२५

निशी,

तुझं पत्र मी उभ्यानंच वाचलं, पहिल्यापासून शेवटपर्यंत. त्यातला मत्सर मला लगेच ओळखता आला. घरचाच आहे. मग पर्स उचलली आणि लॅबमध्ये गेले. खालच्या नळातून एक पेला भरून काढला. वर पंचावन्न, पेल्यात त्रेसष्ट.

ती बॅच मी ओतून दिली. श्रीपाद सर लालबुंद झाले. "पाहुणे तोंडावर आलेत आणि तुम्ही चांगली बॅच ओतता? कोणी सांगितलं?" म्हटलं, "निशिगंधानं." ते म्हणाले, "तिची नोकरी तुमच्यामुळे गेली! ती तुम्हाला खरं कशाला सांगेल?"

त्यांना मी काय सांगितलं ते तुला सांगते. म्हटलं, "सर, मला बुडवायचं असतं तर तिनं गोड लिहिलं असतं. मला माहीत आहे, मी तसं लिहिलेलं आहे. या पत्रात एक अक्षर गोड नाही."

नवी बॅच घातली. दर थोड्या वेळानं पेल्यात काढून बघायचं, मी नसले की इंजिनिअरनं. साखर संपायच्या आधीच काढली, पाहुण्यांसाठी थांबले नाही. १० तारखेला त्यांच्यासमोर टाकी रिकामी होती आणि टेबलावर पांढऱ्या भुकटीची परात होती. सरांचा तमाशा झाला नाही, पण पाहुण्यांनी भुकटी बोटांत घेऊन चोळली, पट्ट्या वाकवून बघितल्या. या वेळी तडकल्या नाहीत. आंबिवलीजवळच्या नर्सरीत एका हंगामाची रोपं आपल्या पिशव्यांत लावून बघायची असं ठरलं. पूर्ण होकार नाही, पण नाहीसुद्धा म्हणाले नाहीत.

आई आली नव्हती. घरी येऊन तिला सांगितलं. तिनं सगळं ऐकून विचारलं, "निशीला कळवलंस?"

मला पुन्हा टोचलं. पण तिनं बरोबर विचारलं होतं.

काल सरांना सांगितलं की टाकी दोन माणसांची आहे, एकीची नाही. बराच वेळ कुरकुर केली, मग म्हणाले, "तुम्ही दोघी एका खोलीत टिकाल का?" मी म्हटलं, भांडू. तुझ्या वतीनं हो किंवा नाही काहीच बोलले नाही, ते तुझं तू ठरव. कॉलेज सोडणं सोपं नाही हे कळतं.

एक आधीच सांगून ठेवते. तू आलीस की विश्राम चहा आधी तुला देईल, इंजिनिअर तुलाच विचारतील आणि मी जळेन. दिसेलही माझ्या तोंडावर. तुझ्याही तोंडावर काहीबाही दिसेल. ते दिसू द्यायचं, आणि नळातून काढलेला पेला मात्र दोघींनी बघायचा.

ये.

तुझी,
संचिता